दीड एकर विकून वाळूजला सीएनसी टाकावी का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचल्यावरच उत्तर लिहायला बसलो. तुम्ही जिंतूर तालुक्यातले, आयटीआय मशिनिस्ट. गेली नऊ वर्षे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत सीएनसी टर्निंग (संगणकाच्या सूचनांनुसार धातू कातणारी लेथ) चालवता आणि आता सेटिंगही, म्हणजे प्रत्येक नव्या कामासाठी मशीन जुळवणेही, तुमच्याकडेच आहे. पगार २४ हजार, रांजणगाव शेणपुंजीत भाड्याची खोली, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. गावाकडची दीड एकर जमीन विकून नवी सीएनसी घ्यावी, आणि ओळखीच्या एका साहेबांनी ‘काम मी देतो’ असे सांगितले आहे त्यांचे जॉबवर्क (त्यांच्या मालावर मजुरीने भाग कापून देणे) करावे, असा तुमचा बेत आहे. विचारले मात्र एवढेच आहे की, मशीन कोणत्या कंपनीची घ्यावी.

मशीनविषयी तुम्हाला माझ्या सल्ल्याची फारशी गरज नाही. नऊ वर्षे ज्याने मशीनसमोर उभे राहून माप धरले आहे, त्याला स्पिंडलचा आवाज ऐकूनच बरेचसे कळते. तुमच्यासमोरचे खरे प्रश्न तीन आहेत: काम कोणाचे आणि किती दिवस मिळेल, केलेल्या कामाचे पैसे कधी हाती येतील, आणि तोवर घर कशावर चालेल. मी १९९६ साली वाळूजजवळच्या जोगेश्वरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या ट्रॉब मशीनवर (संगणकाशिवाय चालणाऱ्या स्वयंचलित लेथवर) जॉबवर्क सुरू केले. तेव्हापासून वाळूजमध्येच आहे. या काळात बंद पडलेल्या ज्या शेड मी पाहिल्या, त्यांतली मशीन वाईट निघाली म्हणून बंद पडलेली एखाद-दुसरीच असेल. बाकीच्या या तीन प्रश्नांपैकी कुठल्यातरी एकावर अडल्या.

आधी आपण कोणत्या साखळीत उभे राहणार आहोत ते पाहा. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे आला आणि वाळूजची घडण ठरली. दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांना लागणारे सुटे भाग पुरवणारे कारखाने त्याच्याभोवती उभे राहिले. एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक या आज देशाबाहेरही पसरलेल्या कंपन्यांची मुळे याच मातीत आहेत. गाडी जोडणारी कंपनी, तिला भाग पुरवणारा मोठा पुरवठादार, त्याला भाग पुरवणारा लहान पुरवठादार आणि त्याच्याही खाली आपण जॉबवर्कवाले, अशी ही उतरंड आहे. वरच्याने शेड्यूल (महिन्याची मागणी) दहा टक्क्यांनी कमी केले की मधला माणूस आधी स्वतःच्या मशीनना काम पुरवतो आणि बाहेर दिलेले काम परत घेतो. त्यामुळे वर दहा टक्क्यांची घट झाली तरी आपल्याकडे ती निम्म्याची होऊन येते. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांना बीएस सहा मानक लागू झाले, त्याआधीचे कित्येक महिने आणि नंतरची टाळेबंदी हा काळ ज्यांनी शेडमध्ये काढला त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आता हिशेब. खालचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या शेडचे भाडे, तुमच्या पार्टचा दर आणि बँकेचा व्याजदर घालून तुम्ही तो पुन्हा मांडा. नवी मशीन १८ लाखांची, त्यातले साडेतेरा लाख कर्ज, ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी, म्हणजे हप्ता सुमारे २९,४०० रुपये. शेडचे भाडे १२ हजार, वीज १३ हजार, एका पाळीला तुम्ही स्वतः आणि दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरचा पगार १७ हजार. इन्सर्ट (धातू कापणारी, झिजली की बदलायची पाती), कूलंट (कापताना थंड ठेवणारे द्रव), तेल यांना १२ हजार. टेम्पो, हिशेबनीस आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे मिळून ९,६०० रुपये. महिन्याची बेरीज ९३ हजार होते आणि यात तुमचा स्वतःचा एक रुपयाही धरलेला नाही.

मिळकतीची बाजू अशी. दोन पाळ्यांचे १६ तास आणि महिन्याचे २६ दिवस म्हणजे ४१६ तास. पण मशीन एवढे तास कधीच कापत नाही. सेटिंग बदलणे, इन्सर्ट बदलणे, मटेरियल वेळेवर न येणे, वीज जाणे, पहिल्या पार्टची मंजुरी मिळेपर्यंत थांबणे यांत वेळ जातो. नव्या माणसाचे ७० टक्के तास बिलात आले तरी मी त्याला चांगले म्हणेन. तासाला ३०० रुपये दर धरला तर ७० टक्क्यांना ८७ हजार रुपये येतात, म्हणजे हप्ता भरताना खिशातून घालावे लागतील. ८० टक्क्यांपर्यंत पोहोचलात तर ९९,८४० रुपये येतात आणि तुमच्या हाती ६,८४० रुपये उरतात. आज तुम्ही २४ हजार घरी नेता.

हाच हिशेब आठ लाखांच्या चांगल्या जुन्या मशीनवर मांडून पाहा. बँका जुन्या मशीनला कर्ज द्यायला सहसा नाखूष असतात, म्हणून खासगी वित्तसंस्थेचे सहा लाख १६ टक्क्यांनी धरू. हप्ता सुमारे १४,६०० रुपये आणि महिन्याचा खर्च ७८,२०० रुपये होतो. ८० टक्के तास भरले तर सुमारे साडेएकवीस हजार उरतात. जुन्या मशीनला दुरुस्ती जास्त लागते हे खरे असले, तरी मंदीच्या महिन्यात लहान हप्ता माणसाला तगवून धरतो. एका मशीनवर नोकरीपेक्षा जास्त कमाई क्वचितच होते. कमाई दुसऱ्या-तिसऱ्या मशीनपासून सुरू होते, कारण शेड, टेम्पो, हिशेबनीस आणि तुमचे लक्ष हे खर्च तेवढेच राहतात. म्हणून पहिली मशीन अशी घ्यावी की ती दुसऱ्या मशीनपर्यंत तुम्हाला जिवंत पोहोचवेल.

पैसे येण्याचा कालावधी हा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग आहे आणि त्यावर मी जास्त लिहिणार आहे. समजा तुम्ही जूनमध्ये काम सुरू केले. जूनचे बिल महिनाअखेरीस जाते, गेटवर नोंद होऊन लेखा विभागात पोहोचायला आठवडा लागतो, आणि साठ दिवसांची उधारी धरली तर पहिला पैसा सप्टेंबरमध्ये दिसतो. तोपर्यंत तीन महिन्यांचा खर्च तुम्ही केलेला असतो. जुन्या मशीनच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे २ लाख ३५ हजार होते. त्याशिवाय बिलावरचा जीएसटी समोरच्याचे पैसे येण्याआधीच सरकारला भरावा लागतो. तुमच्या पत्रात मशीनचा खर्च आहे, हे खेळते भांडवल कुठेच नाही.

कायदा या बाबतीत लहान उद्योजकाच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरीही ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यात कलम ४३ ब (एच) आल्यावर, म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत न दिलेली रक्कम खर्च म्हणून त्या वर्षी वजा मिळत नाही. म्हणून मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग स्वतःहून विचारू लागले आहेत की, तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे का. ही नोंदणी विनाशुल्क आहे. पहिले बिल काढण्याआधी ती करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. एक मात्र स्पष्ट सांगतो. एकच ग्राहक असलेला जॉबवर्कवाला त्याच ग्राहकाविरुद्ध थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याचे काम बंद होते. कायद्याचा आधार ज्याच्याकडे दुसरा ग्राहक आहे त्यालाच घेता येतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो आहे. २००७ साली एका ग्राहकाच्या शब्दावर मी कर्ज काढून दोन सीएनसी घेतल्या. पहिले वर्ष उत्तम गेले. दर महिन्याला शेड्यूल वाढत होते आणि इतर दोन ग्राहकांची लहान कामे मी स्वतः सोडून दिली, कारण त्यांच्यासाठी सेटिंग मोडणे परवडत नव्हते. पुढच्या वर्षी बाजार मंदावला, त्या ग्राहकाने तो पार्ट स्वतःच्या कारखान्यात घेतला आणि मला ते फोनवर कळले. पाच महिने दोन्ही मशीन झाकून ठेवल्या होत्या. पत्नीचे दागिने गहाण पडले, ऑपरेटरचे पगार मी थांबवले नाहीत, पण त्या दोन मुलांना दुसरीकडे काम शोधून द्यावे लागले. सोडलेल्या ग्राहकांपैकी एकाने मला पुन्हा उभे केले आणि आजही त्याचे तीनशे-चारशे नगांचे किरकोळ काम मी नाकारत नाही. ज्या साहेबांनी तुम्हाला शब्द दिला आहे ते प्रामाणिकच असतील. तरी त्यांची बदली होऊ शकते, ते कंपनी सोडू शकतात, वरून दर उतरवण्याचा आदेश त्यांना येऊ शकतो. त्यांच्याकडून शब्दाऐवजी पार्टचे ड्रॉइंग, महिन्याची अंदाजे संख्या, सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) आणि दर असे लेखी मागा. गेज (माप तपासायचे साधन) कोण देणार, रिजेक्शन झाले तर कापले जाणार ते फक्त मजुरीचे पैसे की मटेरियलचेही, हे याच वेळी विचारा. फोर्जिंग किंवा बार, म्हणजे कच्चा माल, त्यांचा असतो, त्यामुळे पाच टक्के पार्ट बाद झाले आणि मटेरियलची डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) आली तर महिन्याची मजुरी त्यात जाऊ शकते.

शेडविषयी थोडक्यात. औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसीच्या) भूखंडावरची शेड पोटभाड्याने घेत असाल तर मालकाने तशी परवानगी घेतली आहे का, हे पाहा. वसाहतीबाहेरच्या गट नंबरमधली शेड स्वस्त मिळते, पण तिथे वीजजोडणी औद्योगिक आहे का, मंजूर भार किती आहे आणि पावसाळ्यात टेम्पो दारापर्यंत येतो का, हे पाहिल्याशिवाय अनामत देऊ नका. स्टॅबिलायझर आणि कॉम्प्रेसर यांचा खर्च आधीच धरा. कापताना वीज गेली तर इन्सर्ट आणि पार्ट दोन्ही जातात, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या दिवसांत हे आठवड्यात दोनदाही होते.

उन्हाचा मुद्दा मात्र सविस्तर सांगतो, कारण कंपनीतल्या छताखाली काम केलेल्या माणसाला तो सहसा सुचत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त गरम होते. पोलादाचा ५० मिलिमीटर व्यास तापमान १० अंशांनी वाढल्यावर जवळपास ६ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतो. ड्रॉइंगवर एकूण २० मायक्रॉनची सूट (मापात चालणारा फरक) असेल तर त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या उन्हाने खाल्ला. दुपारी दोनला बरोबर भरलेला पार्ट ग्राहकाच्या वातानुकूलित तपासणी खोलीत लहान भरतो आणि संपूर्ण लॉट परत येतो. आम्ही पत्र्याखाली उष्णतारोधक थर बसवला, छताला पांढरा रंग दिला, मास्टर (तुलनेसाठीचा मापाचा नमुना) आणि पार्ट एकाच टेबलावर तासभर ठेवून मगच माप घ्यायची सवय लावली, आणि बारीक सूट असलेले पार्ट उन्हाळ्यात रात्रपाळीला घेतो. कामाची निवड करताना सुरुवातीला ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठी सूट असलेले पार्ट घ्या. दर थोडा कमी मिळेल, पण रात्री झोप लागेल.

माणसांचे पाहा. तुमचा ऑपरेटर जालना, बीड, परभणी, हिंगोली किंवा वैजापूर-गंगापूरकडचा असेल आणि त्याचे वर्ष तुमच्यासारखेच शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेले असेल. पेरणी, पोळा, सोयाबीनची काढणी, दिवाळी, लग्नसराई या दिवसांत तो गावी जाणारच आणि त्याला अडवणे योग्यही नाही. ग्राहकाला त्या आठवड्यांचा साठा आधी करून द्यावा. आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरच्या यात्रेमुळे नगर रस्ता माणसांनी भरून जातो, त्या दिवशी आम्ही टेम्पो बाहेर काढत नाही आणि माल आदल्या दिवशी पोचवतो. पगार सात तारखेच्या आत द्या, ग्राहकाचे पैसे आले असोत वा नसोत. मशीनच्या दाराचा सुरक्षा इंटरलॉक (दार उघडे असताना मशीन चालू न देणारी कळ) कधीही निकामी करू नका. दोन सेकंद वाचवण्यासाठी तो बंद केलेल्या शेड मी पाहिल्या आहेत आणि वाळूजमध्ये बोटे गमावलेले कामगारही पाहिले आहेत. कामगार एकच असला तरी नुकसानभरपाईचा विमा पहिल्या महिन्यापासून काढा.

आतापर्यंतचे एवढे लक्षात ठेवा: पहिल्या मशीनवर हप्ता लहान हवा, तीन महिन्यांचा खर्च हाती हवा, आणि ग्राहक एकाहून जास्त हवेत. यांवरून जमिनीचा प्रश्न सुटतो का, ते पाहू.

जमीन कोणाच्या नावावर आहे, याआधी ती कोणाकोणाची आहे हे पाहा. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणीचाही त्यात भावाइतकाच हक्क आहे आणि तिची संमती गृहीत धरून केलेला व्यवहार पुढे न्यायालयात अडकतो. दुसरे, महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला मुळात शेतकरी असावे लागते. ही दीड एकर तुमच्या घराची शेवटची जमीन असेल तर सातबाऱ्यावरचे नाव गेल्यावर धंद्यात कितीही कमावले तरी पुन्हा शेत घेणे कठीण होईल. तिसरे कारण माझ्या लेखी सर्वांत मोठे आहे. २०२० च्या मार्चनंतर वाळूज बंद पडले तेव्हा माझ्या शेडमधली कामगार मुले गावाकडे परत गेली आणि ज्यांच्या घरी थोडी का होईना जमीन होती त्यांच्या ताटात भाकरी होती. मशीन बंद पडण्याची शक्यता ज्या धंद्यात धरूनच चालावे लागते, त्या धंद्यासाठी परत जाण्याची जागा विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वडील तुमच्या ओढीपोटी ‘विकून टाक’ म्हणत असतील. त्यांनी तसे म्हटले म्हणून ते त्यांना सोपे जाणार आहे, असे समजू नका.

मग पैसा कुठून आणायचा, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. नवी मशीन घ्यायचीच असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाकडे पाहा. उत्पादन क्षेत्रात ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, तर अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक यांसारख्या गटांना शहरी भागात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. हे अनुदान तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, ते खेळत्या भांडवलाला उपयोगी पडत नाही. योजना फक्त नव्या उद्योगाला आहे, म्हणून आधी मशीन घेऊन नंतर अर्ज करण्याची चूक करू नका. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचीही चौकशी करा. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मागा. पाच किंवा अधिक वर्षांच्या सलग सेवेला ती मिळते आणि मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५ हजार धरले तर नऊ वर्षांचे सुमारे ७८ हजार होतात. भविष्यनिर्वाह निधी मात्र मोडू नका, तो मुलांचा आहे.

तुमच्या जागी मी असतो तर नोकरी आणखी आठ-दहा महिने सोडली नसती. त्या काळात सुटीच्या दिवशी शेंद्रा आणि चिकलठाणा या वसाहती धरून दहा-बारा लहान कारखान्यांत जाऊन पार्टची ड्रॉइंग गोळा केली असती. दुचाकीच्या इंजिनाचे पार्ट सोडून दुसरे काय मिळते ते मुद्दाम शोधले असते: पंप, व्हॉल्व्ह, शेतीची अवजारे, विजेची उपकरणे. बिडकीनला विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्या अथरने आणि टोयोटाने २०२४ साली प्रकल्प जाहीर केले आहेत. विजेवरच्या दुचाकीत इंजिनाचे घासून-कापून केलेले भाग लागत नाहीत, म्हणून पुढच्या पाच वर्षांचा हप्ता केवळ इंजिनाच्या पार्टवर बांधणे मला धोक्याचे वाटते. मिळालेली एक-दोन कामे ओळखीच्या एखाद्या शेडमध्ये तासाच्या भाड्याने मशीन घेऊन करून पाहिली असती. मात्र तुमच्या नेमणूकपत्रात बाहेर काम न करण्याची अट असेल तर ती मोडू नका. अशा वेळी फक्त चौकशी आणि दरपत्रके इथपर्यंतच थांबा. दोन ग्राहकांचे मिळून महिन्याला अडीचशे तासांचे काम लेखी दिसू लागले आणि तीन लाख रुपये बाजूला पडले, की जुनी मशीन घ्यायला मी तुमच्याबरोबर येईन. स्पिंडलचा रनआउट (फिरताना पडणारा वाकडेपणा), हत्यारे धरणाऱ्या टरेटचे क्लॅम्पिंग आणि बॉलस्क्रूचा बॅकलॅश (ढिलाई) डायल लावून आपण दोघे मिळून तपासू.

तुम्ही पत्रात लिहिले आहे की जमिनीचे गिऱ्हाईक येत्या आठवड्यात इसार घेऊन येणार आहे. त्याला सोयाबीनची काढणी होईपर्यंत थांबायला सांगा. साहेबांकडून ड्रॉइंग आणि दर लेखी आले की त्या पार्टचा सायकल टाइम आणि सूट मला कळवा. महिन्याचा हिशेब आपण पुन्हा तुमच्या आकड्यांनी मांडू.